इंग्रजी विशेषणाची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पानावरील इंग्रजी व्याकरणाच्या सदरात गेल्या आठवड्यात 'अ‍ॅडजेक्टिव्ह' म्हणजे विशेषण या घटकावर मजकूर आला होता. त्याखाली सरावासाठी दहा वाक्ये होती आणि पानाच्या तळाशी उलटी छापलेली उत्तरे होती. शाळेत इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असे काही दिसले की पेन्सिल घेऊन बसण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. दहापैकी सात उत्तरे माझ्या उत्तरांशी जुळली, तीन जुळली नाहीत. चौथ्या वाक्यात, म्हणजे 'शी लुक्स ब्युटिफुल' यात, 'ब्युटिफुल' हा शब्द क्रियापदानंतर आला म्हणून त्याला क्रियाविशेषण ठरवले आहे. सातव्या वाक्यात, 'द चाइल्ड इज अस्लीप' यात, 'अस्लीप'लाही तेच नाव मिळाले आहे. नवव्या वाक्यातील 'अ स्टोन वॉल' यातल्या 'स्टोन'ला मात्र विशेषण म्हटले आहे. या तिन्ही ठिकाणी मला वेगळे म्हणायचे आहे, आणि ते नुसते 'चूक' असे लिहून संपणारे नाही म्हणून हे लांबलचक पत्र.

सदराची सुरुवात 'नामाबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण' या व्याख्येने झाली आहे. ही व्याख्या मीही अनेक वर्षे फळ्यावर लिहिली आहे आणि मुलांनी ती बिनचूक पाठ केलेली ऐकली आहे. पण शब्द कशाचे वर्णन करतो एवढेच ती सांगते. वाक्यात तो शोधायचा कुठे, याबद्दल ती काहीच बोलत नाही. मराठीत हे फारसे अडत नाही, कारण मराठीतले पुष्कळसे विशेषण आपली ओळख शेपटीला बांधून हिंडते. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, चांगल्या मुली, चांगल्या मुलाला: नाम बदलले, त्याचे लिंग किंवा वचन बदलले, त्याला विभक्तीचा प्रत्यय लागला, की विशेषणाचे शेवटचे अक्षर बदलते आणि कोणते विशेषण कोणत्या विशेष्याचे, हे कानाला कळते. सुंदर, हुशार, लाल, कडू असे न बदलणारे शब्द मराठीत आहेत, पण आकारान्त विशेषणांची वर्दळ एवढी आहे की विकारी विशेषण हीच आपल्या मनातली विशेषणाची मूळ प्रतिमा असते.

इंग्रजी विशेषणाला ही शेपटी नाही. 'गुड बॉय', 'गुड गर्ल', 'गुड बॉइज', 'टू अ गुड बॉय' या सगळ्यांत 'गुड' जसेच्या तसे राहते. ही अवस्था इंग्रजीत पहिल्यापासून होती असे मात्र नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना तीन लिंगे होती, विभक्ती होत्या, आणि विशेषणाला लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे वेगवेगळे प्रत्यय लागत. नामाआधी 'द'सारखा निश्चय दाखवणारा शब्द असेल तर प्रत्ययांची एक मालिका आणि नसेल तर दुसरी, अशी दुहेरी व्यवस्थाही होती. हे सारे प्रत्यय झिजत झिजत पंधराव्या शतकापर्यंत गळून पडले. आज 'धिस'चे 'धीज' आणि 'दॅट'चे 'दोज' होते, नामासोबतचा मेळ दाखवणारा तेवढाच अवशेष उरला आहे; आणि 'धिस' हा शब्द खऱ्या अर्थाने विशेषण आहे का, हाही वादाचा मुद्दा आहे. शेपटी गेल्यावर तिचे काम कोणीतरी करायला हवे होते. ते काम शब्दाच्या जागेने अंगावर घेतले. म्हणून इंग्रजीतले विशेषण ओळखायचे असेल तर आधी ते कुठे बसले आहे ते पाहावे आणि मग त्याला काय काय करता येते ते तपासावे. अर्थाचा विचार शेवटी करावा. मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः हेच.

दोन भाषांतली नावेसुद्धा यात थोडी मदत करतात. 'अ‍ॅडजेक्टिव्ह' हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा अर्थ 'जोडलेले' असा आहे. लॅटिन परंपरेत विशेषण हा स्वतंत्र वर्गच नव्हता. नामाचे दोन प्रकार मानत आणि त्यातले एक 'जोडले जाणारे नाम' असे. आपल्याकडे प्राचीन निरुक्तकार यास्काने नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यये) असे चार वर्ग सांगितले, त्यांतही विशेषणाला वेगळे घर नाही, ते नामातच राहते. आणि संस्कृतात नाम व विशेषण दोन्ही सारखीच चालत असल्यामुळे ते योग्यही होते. इंग्रजी व्याकरणात विशेषण नामापासून कायमचे वेगळे झाले ते अठराव्या शतकात. जोसेफ प्रीस्टलीच्या 1761 च्या व्याकरणात आणि पुढे लिंडले मरेच्या 1795 च्या व्याकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे. आपला 'विशेषण' हा शब्द मात्र निराळे सुचवतो: जे इतरांपासून वेगळे काढते ते. टेबलावर चार पेने असताना कोणी 'लाल पेन दे' म्हणाले, तर तो पेनाबद्दल माहिती पुरवत नसतो, चारातले एक बाजूला काढत असतो. 'अधिक माहिती' या शब्दप्रयोगात हे काम दिसतच नाही.

आता नवव्या वाक्यातली दगडी भिंत. मराठीत 'दगडी' हे रीतसर विशेषण आहे. 'दगड' या नामाला प्रत्यय लावून ते तयार झाले आहे. इंग्रजीत 'स्टोन' हे नामच उचलून 'वॉल'च्या पुढ्यात ठेवले आहे. ते भिंतीबद्दल माहिती देते यात शंका नाही, त्यामुळे व्याख्येप्रमाणे ते विशेषण ठरले. पण त्याला विशेषणासारखे वागायला सांगून पाहा. 'व्हेरी स्टोन वॉल' म्हणता येत नाही. 'स्टोनर' किंवा 'मोअर स्टोन' होत नाही. 'द वॉल इज हाय' म्हणता येते तसे 'द वॉल इज स्टोन' क्वचित कोणी म्हणेल, पण तिथेही 'स्टोन' नामच राहते. 'बस स्टॉप', 'स्कूल बॅग', 'न्यूजपेपर आर्टिकल' या सगळ्या जोड्या याच जातीच्या आहेत: एक नाम दुसऱ्या नामाच्या पुढे उभे राहून त्याला मर्यादा घालते. जिथे इंग्रजीला खरोखर विशेषण हवे असते तिथे ती ते घडवते, आणि मग अर्थही सरकतो. 'गोल्ड रिंग' म्हणजे सोन्याची अंगठी, 'गोल्डन हेअर' म्हणजे सोन्यासारखे केस. केसांत सोने नसते. जुन्या शालेय पुस्तकांत अशा नामांना 'विशेषणासारखे वापरलेले नाम' म्हणत, आणि ते वर्णन अगदी बरोबर आहे. त्यातला 'सारखे' वगळला की घोटाळा होतो.

'माय', 'धिस', 'सम', 'एव्हरी' यांचेही तसेच आहे. आपल्या सदराने त्यांना विशेषणाचे प्रकार म्हटले आहे, आणि परीक्षेत अजून तसे चालत असल्याने मी त्यावर भांडणार नाही. 'व्हेरी माय' होत नाही आणि 'द माय बुक' असे दोन्ही शब्द एकत्र नांदत नाहीत, एवढे मुलांना दाखवले तरी पुष्कळ झाले. आधुनिक व्याकरणे त्यांना 'डिटर्मिनर' या वेगळ्या वर्गात ठेवतात.

जागेचा मुद्दा खरा रंगतो तो चौथ्या वाक्यात. मराठी व्याकरणात विशेष्याच्या आधी येणाऱ्या विशेषणाला अधिविशेषण आणि नंतर विधानात येणाऱ्याला विधिविशेषण म्हणतात: 'उंच झाड' आणि 'झाड उंच आहे'. इंग्रजीतही याच दोन जागा आहेत. दुसऱ्या जागी विशेषण आणि नाम यांना सांधणारे क्रियापद बहुधा 'बी' या धातूचे रूप असते, म्हणून मुले 'इज' दिसले की निश्चिंत होतात. पण 'लुक', 'फील', 'स्मेल', 'साउंड', 'टेस्ट', 'सीम', 'बिकम' हीसुद्धा तेच सांधण्याचे काम करतात. 'शी लुक्स ब्युटिफुल' यात ती पाहण्याची क्रिया सुंदर रीतीने करते असे म्हणायचे नाही; ती सुंदर आहे असे दिसते, असे म्हणायचे आहे. 'ब्युटिफुल' क्रियापदानंतर आले असले तरी त्याचे नाते 'शी'शी आहे, म्हणून ते विशेषण. याची सोपी परीक्षा म्हणजे 'लुक्स'च्या जागी 'इज' घालून पाहणे. वाक्य उभे राहिले तर पुढचा शब्द विशेषण असण्याचीच शक्यता अधिक. याउलट 'ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी' यात पाहण्याची क्रिया खरोखर घडते आहे, आणि 'अँग्रिली' त्या पाहण्याची रीत सांगते. तिथे 'इज' घातले की वाक्य कोसळते.

मराठी मुलाला हे अवघड का जाते, याचे कारण आपल्याच भाषेत आहे. 'ती चांगली दिसते' आणि 'ती चांगली गाते' या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो, आणि विशेष म्हणजे दोन्हीकडे तो कर्त्याप्रमाणे बदलतो: 'तो चांगला गातो', 'ते चांगले गातात'. क्रियेचे वर्णन करतानाही मराठी आपल्या विशेषणाची शेपटी तशीच ठेवते. इंग्रजी मात्र इथे दोन वाटा करते: 'शी लुक्स गुड', पण 'शी सिंग्ज वेल'. त्यामुळे 'शी सिंग्ज गुड' ही चूक आपल्या मुलांकडून होणारच. ती सुधारताना आपण शिक्षक 'क्रियापदानंतर क्रियाविशेषण' असा घाईचा नियम देतो, आणि मग तीच मुले मोठी होऊन 'आय फील बॅडली' आणि 'इट स्मेल्स स्वीटली' लिहू लागतात. चौथ्या उत्तराचा उगम बहुधा याच नियमात असावा. त्यातच शेवटी 'ली' दिसला की क्रियाविशेषण, असा दुसरा एक अर्धवट नियम फिरत असतो. 'फ्रेंडली', 'लोनली', 'लव्हली', 'कावर्डली' ही सगळी विशेषणे आहेत. 'हार्डली'चा तर 'हार्ड'शी अर्थाचा संबंधच तुटला आहे: 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ काहीच करत नाही. प्रशस्तिपत्रात या दोन्हींची अदलाबदल झालेली मी एकदा पाहिली आहे.

सातव्या वाक्याबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण त्या शब्दाने मला स्वतःला बरीच वर्षे छळले आहे. आठवीतल्या एका मुलीने निबंधात 'द मदर लुक्ड अ‍ॅट द अस्लीप चाइल्ड' असे लिहिले होते. मी 'अस्लीप'वर लाल रेघ मारून 'स्लीपिंग' केले. तिने वही परत आणून विचारले, 'बाई, मागच्या धड्यात द चाइल्ड इज अस्लीप असे आहे, आणि अस्लीप विशेषण आहे असे तुम्हीच सांगितलेत. टॉल चाइल्ड चालते, हॅपी चाइल्ड चालते, मग अस्लीप चाइल्ड का नाही?' मी तिला 'असे म्हणत नाहीत' हे उत्तर दिले. शिक्षकाजवळ उत्तर नसले की तो हेच उत्तर देतो, आणि मूल ते ओळखते.

उत्तर मला पुष्कळ नंतर, एका जाड शब्दकोशात व्युत्पत्ती पाहताना मिळाले. 'अस्लीप'मधला पहिला 'अ' म्हणजे जुन्या इंग्रजीतले 'ऑन' हे शब्दयोगी अव्यय आहे, झिजून झिजून नुसत्या 'अ'वर आलेले. 'अस्लीप' म्हणजे मुळात 'ऑन स्लीप', आपल्या भाषेत 'झोपेत'. 'अलाइव्ह' म्हणजे 'ऑन लाइफ'. आता मराठीत करून पाहा: 'मूल झोपेत आहे' हे वाक्य बिनतक्रार आहे, पण 'झोपेत मूल' म्हटले की कान नाही म्हणतो; तिथे 'झोपेतले मूल' किंवा 'झोपलेले मूल' असेच म्हणावे लागते. 'द अस्लीप चाइल्ड' इंग्रजाच्या कानाला नेमके तितकेच खटकते. शब्द विशेषणांच्या पंक्तीत येऊन बसला, पण आपल्या मूळ घराची आठवण त्याने सोडली नाही, म्हणून तो नामाच्या पुढे जात नाही आणि विधानातच राहतो. 'अवेक', 'अलोन', 'अलाइक', 'अफ्रेड', 'अशेम्ड' यांच्या व्युत्पत्ती सगळ्यांच्या सारख्या नाहीत. 'अलोन' हे 'ऑल वन' या दोन शब्दांचे झाले आहे आणि 'अफ्रेड' हे एका क्रियापदाचे जुने धातुसाधित आहे. पण एकाच ध्वनीने सुरू होणारी ही मंडळी एकमेकांचे पाहून एकाच शिस्तीत वागू लागली. नामाआधी हवे असेल तर इंग्रजी दुसरा शब्द शोधते: 'स्लीपिंग चाइल्ड', 'लिव्हिंग क्रीचर', 'फ्रायटन्ड बॉय'. आणि तरीही 'अ हाफ-अस्लीप चाइल्ड' चालते! पुढे एखादा शब्द जोडून त्याचे वजन वाढवले की दार किलकिले होते. त्या मुलीला हे सांगायचे राहून गेले.

तेव्हा सातव्या वाक्याचे 'क्रियाविशेषण' हे उत्तर लिहिणाऱ्याला काहीतरी खटकले असावे आणि त्याचे खटकणे निराधार नव्हते, हे मी मान्य करते. 'अस्लीप' हे संकोची विशेषण आहे, त्याला 'व्हेरी'ही सहज लागत नाही. 'गाढ' म्हणायला 'फास्ट अस्लीप' म्हणतात, आणि तिथल्या 'फास्ट'चा जलदपणाशी संबंध नसून तो 'घट्ट, पक्का' या जुन्या अर्थाने आला आहे. पण आजच्या व्याकरणात ते विशेषणच आहे. मूल कसे आहे हे ते सांगते आणि 'सीम'सारख्या सांधणाऱ्या क्रियापदानंतरही आरामात येते: 'द चाइल्ड सीम्स अस्लीप'.

याच्या उलट, फक्त नामाआधीच बसणारेही शब्द आहेत. 'द मेन रीझन' म्हणता येते, 'द रीझन इज मेन' म्हणता येत नाही. 'मिअर', 'अटर', 'फॉर्मर' यांचे तसेच. आणि काही शब्द दोन्ही जागी बसतात पण जागा बदलली की अर्थ बदलतात. 'द लेट प्रेसिडेंट' म्हणजे दिवंगत अध्यक्ष, 'द प्रेसिडेंट इज लेट' म्हणजे अध्यक्षांना यायला उशीर झाला आहे. सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्याने इथे जपून राहावे. 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सभासद, 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे हजर असलेले सभासद. 'अ‍ॅन ओल्ड फ्रेंड' हा वयाने तरुण असू शकतो. 'अ हेवी स्मोकर' हा वजनाने हलका असू शकतो, कारण तिथले 'हेवी' माणसाचे नसून त्याच्या ओढण्याचे वर्णन आहे. नामामागून येणारे विशेषण ही इंग्रजीत तशी दुर्मीळ गोष्ट. 'समथिंग न्यू', 'समवन इम्पॉर्टंट' अशा रचनांत ती नेहमीची आहे. एरवी 'अटर्नी जनरल', 'कोर्ट मार्शल' अशा, 1066 नंतर नॉर्मन राजवटीबरोबर आलेल्या फ्रेंच राज्यकारभाराच्या वळणावर गेलेल्या शब्दांत ती दिसते. तिथे 'जनरल' हे विशेषण आहे हे लक्षात ठेवले म्हणजे अनेकवचन 'अटर्नीज जनरल' असे का होते ते कळते.

क्रियापदांपासून झालेल्या विशेषणांचा उल्लेख सदरात एका ओळीत आटोपला आहे. त्याला अधिक जागा हवी होती, कारण प्रौढांची सर्वात जास्त फजिती तिथे होते. 'आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब' असे वाक्य असलेला अर्ज माझ्याकडे तपासायला आला होता. अर्जदाराला 'मला या नोकरीत रस आहे' असे म्हणायचे होते. त्याने लिहिले ते 'मी फार मनोरंजक आहे' अशा थाटाचे झाले. 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड', 'कन्फ्यूजिंग' आणि 'कन्फ्यूज्ड', 'टायरिंग' आणि 'टायर्ड' या जोड्यांत पहिला शब्द भावना निर्माण करणाऱ्याचा आणि दुसरा ती भोगणाऱ्याचा. कंटाळवाणे व्याख्यान 'बोअरिंग', कंटाळलेला श्रोता 'बोअर्ड'. अडचण अशी की मराठीत आपण सहसा यांपैकी काहीच म्हणत नाही. आपण म्हणतो 'मला कंटाळा आला', 'मला रस आहे', 'माझा गोंधळ उडाला': भावना हे नाम, ते कुठून तरी येते, आणि ज्याला ते येते तो चतुर्थीत किंवा षष्ठीत बाजूला उभा. इंग्रजी त्याच माणसाला कर्त्याच्या खुर्चीवर बसवते आणि भावनेचे विशेषण करून त्याला चिकटवते. हा सांधा बदलल्याचे मुलाला स्पष्ट सांगितले नाही तर ते दोन रूपांतले कोणतेही एक उचलते.

तुलनेच्या बाबतीत दोन भाषांची अदलाबदल झाली आहे. मराठी विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलते, पण तुलनेसाठी बदलत नाही: 'ती माझ्यापेक्षा उंच आहे', 'ती सर्वांत उंच आहे', दोन्हीकडे 'उंच' तेच, काम 'पेक्षा' आणि 'सर्वांत' करतात. इंग्रजी विशेषण लिंगवचनाकडे ढुंकून पाहत नाही, पण तुलना आली की हलते: 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट'. म्हणून 'शी इज टॉल दॅन मी' ही आपली खास चूक. एका उच्चारावयवाचे (सिलेबलचे) शब्द आणि 'हॅपी'सारखे ईकारान्त शब्द प्रत्यय घेतात, तीन किंवा अधिक अवयवांचे शब्द 'मोअर' आणि 'मोस्ट' घेतात. मधल्या दोन अवयवी शब्दांत नियमापेक्षा वापर चालतो. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' ही लॅटिनमधली तयार तुलनेची रूपे असल्यामुळे त्यांना 'मोअर' नको आणि 'दॅन'ही नको, तिथे 'टू' येते.

मला यातला 'एस्ट' हा प्रत्यय फार आवडतो, कारण तो आपल्या घरातला आहे. संस्कृतातला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ, गरिष्ठ यांत तो बसलेला आहे. 'स्वादु' आणि 'स्वीट' हे शब्दही सख्खे, त्यामुळे आपण ज्याला आज 'स्वादिष्ट' लिहितो तो मूळचा 'स्वादिष्ठ' म्हणजे अक्षरशः 'स्वीटेस्ट'. 'मोस्ट बेस्ट' म्हणणाऱ्या मुलाला हसताना आपण स्वतः 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, हे मी वर्गात मुद्दाम सांगत असे. त्याने चूक बरोबर होत नाही, पण मूल ओशाळत नाही.

विशेषणे एकापुढे एक आली की त्यांचा क्रम लागतो, आणि त्यासाठी मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ, द्रव्य अशी यादी पाठ करून घेतात. यादी चुकीची नाही. पण तिच्यामागचा विचार लक्षात राहिला तर यादीची गरज कमी भासते: जो गुण वस्तूत जितका मुरलेला, तितका त्याचा शब्द नामाला चिकटून; जो पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून, तो सर्वांत लांब. 'अ ब्युटिफुल ओल्ड वुडन टेबल' यात लाकूड टेबलातून काढता येत नाही म्हणून 'वुडन' शेजारी, आणि सौंदर्य बघणाऱ्याचे म्हणून 'ब्युटिफुल' टोकाला. लेखक टॉल्किन यांनी एका पत्रात आपल्या लहानपणची हकीकत सांगितली आहे. सात वर्षांचे असताना त्यांनी ड्रॅगनची गोष्ट लिहिली आणि त्यात 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' म्हटले. आईने 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' असे म्हणायला हवे असे सांगितले, आणि असे का, याचे कुतूहल त्यांना मोठेपणीही राहिले. मराठीत 'लाल मोठा चेंडू' म्हटले तर कोणी आईकडून दुरुस्त होणार नाही. आपल्याकडे क्रम बराच सैल आहे.

दोन गोष्टी राहिल्या. 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय' यात 'इयर्स' का नाही, असा प्रश्न दरवर्षी येतो. तीन शब्द हायफनने बांधून एक विशेषण केले आहे, आणि इंग्रजी विशेषणाला अनेकवचन नसते, म्हणून आतला शब्दही एकवचनी राहतो. 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड' असे सुटे लिहिले की 'इयर्स' पुन्हा नाम होते आणि अनेकवचन परत येते. दुसरी गोष्ट अशी की मराठीत 'मला लाल दे' म्हटले की पुरते, कारण विशेषण एकटेही उभे राहते आणि त्याला प्रत्ययही लागतात: 'गरिबाला', 'शहाण्याने'. इंग्रजी विशेषणाला आधाराला काहीतरी लागते, म्हणून 'गिव्ह मी द रेड वन'. 'द पुअर', 'द ब्लाइंड' असे चालते, पण ते सगळ्या समूहाबद्दल, आणि क्रियापद अनेकवचनी. एका गरीब माणसाला 'अ पुअर' म्हणता येत नाही.

आपल्या सदराचे वाचक बहुधा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आहेत आणि ते उत्तरे कापून वहीत चिकटवतात, म्हणून विनंती अशी की चौथ्या, सातव्या आणि नवव्या वाक्यांची उत्तरे पुढच्या अंकात दुरुस्त करून छापावीत. सातव्यासोबत 'झोपेत मूल' हे उदाहरण दिले तर जागा फार लागणार नाही. आणि पुढील सरावासाठी सुटे शब्द न देता एकच शब्द दोन जागी ठेवलेल्या वाक्यांच्या जोड्या द्याव्यात. 'लेट' आणि 'प्रेझेंट' यांच्या जोड्या वर दिल्याच आहेत, त्या वापरायला माझी हरकत नाही.

कळावे,
आपली नम्र,
इंग्रजीची एक निवृत्त शिक्षिका